पहिल्या पानावरचा जावई

मत्सर करायचा तर माणूस घरातला हवा. परक्यांचा मत्सर मी करून पाहिलेला आहे. गिरणीतल्या एका साहेबाचा केला, तर त्याची बदली झाली. गणेशोत्सवातल्या नाटकात माझी नायिकेची भूमिका पळवणाऱ्या एका गोऱ्यापान पोराचा केला, तर पुढच्याच वर्षी त्याचा आवाज फुटला. दोन्ही वेळा माझा छान तापलेला मत्सर चुलीवरून उतरवून ठेवायची पाळी आली. घरातल्या माणसाचं तसं होत नाही. तो सणावाराला येतो, समोर बसतो, तूप वाढून घेतो.

माझा हा घरातला माणूस म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, माझा साडू. तो आमदार झाला. नुसता झाला नाही, होतच राहिला.

आमचे सासरे, ज्यांना आम्ही दोघे जावई मामा म्हणत असू, बेंगळुरात चामराजपेटेत राहत. घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलेलं आणि परत जायचं विसरलेलं. घरात मराठीच बोलत, पण ती अशी की पुण्याचा पाहुणा कावराबावरा होऊन बघत राही. ‘स्वल्प सरका’, ‘सरी, मग उद्या या’, असं आमचं चाले; स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे बरं. मामांना दोनच मुली. थोरली मला दिली, धाकटी त्याला.

दसऱ्याला मामांकडे मोठं जेवण असे. भाऊबंद, शेजारी, मामांचे कोर्टातले जुने स्नेही. त्या पंगतीत पहिलं पान थोरल्या जावयाचं. पहिलं गंध त्याच्या कपाळी. त्यानं आपोशन घेतल्याशिवाय, म्हणजे तळहातावरचं पाणी पिऊन जेवणाला सुरुवात केल्याशिवाय, दुसऱ्या कुणी भाताला बोट लावायचं नाही. आणि शेवटी तो उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही. बाकी जगात मी गिरणीच्या कचेरीतला कारकून. पण वर्षातून एकदा मोठमोठे वकील, डॉक्टर, एक निवृत्त न्यायाधीश माझ्या उजव्या हाताकडे बघत भुकेले बसत. मला दुसरं राज्य नको होतं. हे एवढं हवं होतं, आणि ते माझं होतं.

धाकटा जावई घरात आला तेव्हा मला त्याची भीती वाटली नाही. खेड्यातल्या इनामदार घराण्यातला मुलगा. बंद गळ्याचा कोट, डोक्याला जरीकाठी रुमाल, कपाळावर गोपीचंदन, आणि तोंडात शब्द नाही. जुन्या मतांचा इतका की नळाचं पाणी पिताना त्याचा चेहरा विहिरीची माफी मागितल्यासारखा होई. मी त्याच्या अगदी उलट. राजाजीनगरची नवी वसाहत उठत होती, तिथे मी घर घेतलं. घरात स्टोव्ह आणला. चहाच्या टेबलावर मी समाजवादावर बोलत असे. फक्त पहिल्या पानाच्या बाबतीत मी जुन्या मताचा होतो.

मग निवडणूक आली आणि आमच्या या मुक्या साडूला त्याच्या गावकऱ्यांनी उभं केलं. मी पोट धरून हसलो. मी स्वतः रंगभूमीवरचा माणूस. माझं एक पल्लेदार स्वगत संपेपर्यंत पेटीवाला दोनदा तपकीर ओढून घेई. मी त्याला विचारलं, “अहो, सभेत बोलणार काय?”

“बोलणार नाही. विचारीन.”

“काय विचारणार?”

“काय मोडलंय ते.”

आणि खरंच त्यानं तेवढंच केलं. बाकीचे उमेदवार नवे रस्ते देत होते, नव्या शाळा देत होते, एकानं तर आगगाडी देऊ केली होती. हा गावात जायचा, चावडीच्या पायरीवर बसायचा आणि म्हणायचा, “नवं काही मी देणार नाही. जुनं काय मोडलंय, सांगा.” लोक सांगत. तळ्याचं पाणी सोडायची मोरी फुटली आहे. चावडीचं छप्पर गळतं आहे. विहिरीच्या पायऱ्या खचल्या आहेत. निवडून आल्यावर तो बेंगळुरात कचेऱ्या-कचेऱ्यांतून फिरून त्या पायऱ्या बसवून घ्यायचा. नव्या रस्त्यासाठी सरकारला दहा सह्या लागतात, जुन्या पायऱ्यांना एक पुरते, हे त्याला कुणी शिकवलं कोण जाणे. दुसऱ्यांच्या आगगाड्या आल्या नाहीत. याच्या पायऱ्या आल्या.

विधिमंडळात तो कायम विरोधात. जमिनीचं विधेयक आलं, विरोधात. देवळांचं आलं, विरोधात. शेर जाऊन किलो येणार म्हटल्यावर तर त्यानं रात्रीचं जेवण टाकलं होतं, असं माझी मेहुणी डोळे मोठे करून सांगे.

तर निवडून आल्यानंतरचा तो पहिला दसरा. मामांच्या दाराशी जीप उभी. जगलीवर, म्हणजे आमच्याकडे दाराबाहेर जो ओटा असतो त्यावर, घोंगड्या घेतलेली गावाकडची माणसं बसलेली. गल्लीतली पोरं जीपला हात लावून बघत होती. माझ्या सायकलला कुणी हात लावत नव्हतं. मी आत गेलो, तर पहिल्या पानाचा पाट रिकामा आणि त्याच्या शेजारचाही रिकामा, आणि मामा गंधाची वाटी घेऊन मध्येच उभे. त्यांचे डोळे माझ्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून माझ्याकडे. मला मामांच्या मनातलं वाचता येत होतं. सरकार एकीकडे, कारकून एकीकडे. वाटी हळूहळू त्याच्या बाजूला कलू लागली.

तेवढ्यात या गृहस्थानं आपलं कपाळ हातानं झाकलं आणि म्हणाला, “मामा, आधी थोरले.”

सगळ्या ओळीतून वाहवा उठली. “काय माणूस आहे!” “आमदार असून बघा!” “रीत म्हणजे रीत!” मामांचे डोळे भरले. त्या भरल्या डोळ्यांनी त्यांनी मला गंध लावलं आणि सबंध वेळ त्याच्याकडे बघत राहिले. गंध माझ्या भुवईवर लागलं.

म्हणजे पान मला मिळालं आणि मान त्याला. आजवर जे माझं होतं ते आता त्यानं मला दिलेलं झालं. चोरानं चोरी करावी, आपण ओरडावं, चार माणसं जमावीत. हे सगळं समजतं. पण आपलीच वस्तू आपल्याला बक्षीस देणाऱ्या माणसाचं काय करायचं?

घरी जाताना बायको म्हणाली, “अहो, बोलत का नाही?”

“पोट जड झालंय.”

“पोट नाही, जळतंय काहीतरी. इथपर्यंत वास येतोय.”

पुढे वर्षानुवर्षं हेच. मध्ये तो आणखी एकदा निवडून आला. दसरा आला की वाटी, कपाळ, हात, वाहवा. मी सूड घ्यायचं ठरवलं. पंगतीचा कायदा माझ्या हातात होताच. एका दसऱ्याला जीप बाहेर घुरघुरत उभी होती. त्याला संध्याकाळच्या आत गावी पोचायचं होतं, तळ्याच्या बांधाचं काही काम निघालं होतं आणि माणसं खोळंबली होती. मला हे कळलं आणि माझी भूक एकदम उमलली. होळिगे, म्हणजे पुरणपोळी, दोनदा घेतली. चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीचा भात, तिसऱ्यांदा घेतलं. त्यात भुईमुगाचे दाणे होते, ते एकेक वेचून खाल्ले. सार घेतलं, सार निवेपर्यंत निवृत्त न्यायाधीशांना एक गोष्ट सांगितली, गोष्टीत दुसरी गोष्ट घातली. ताक मागवलं. ताकात मीठ कमी होतं, ते मागवलं. माझ्या बाजूला तो रिकाम्या पानासमोर मांडी घालून हात वाळवत बसला होता. ओळीतल्या म्हाताऱ्यांचे पाय आखडले. मेहुणी दारातून डोळे वटारत होती. शेवटी तिला राहवलं नाही. “भाऊजी, पोट आहे की कोठार?”

“स्वल्प थांब गं,” मी म्हटलं, “अजून दहीभात यायचाय.”

तो हसलासुद्धा नाही, रागावलासुद्धा नाही. मी उठलो तेव्हा उठला, हात धुतला, मला नमस्कार केला आणि गेला. मी आठवडाभर खुशीत होतो. आयुष्यात प्रथमच माझ्या जेवणानं सरकारचं काम अडवलं होतं!

ती खुशी कुठे गेली ते सांगतो. काही महिन्यांनी मामांचा निरोप आला, ताबडतोब या. मला वाटलं तब्येत. गेलो तर ते आरामखुर्चीत ताठ बसून, हातात वर्तमानपत्र. “बसा,” म्हणाले, “धाकट्यांनी भाषण केलं.” त्यांनी चष्मा पुसला आणि कानडीतलं ते भाषण मोठ्यानं वाचायला लागले. जमिनीच्या कायद्याला विरोध करायला आमचा मुका उभा राहिला होता. आणि काय म्हणाला? म्हणाला, मी आमदार आहे. माझा थोरला साडू एका गिरणीत कारकून आहे. पण सासऱ्यांच्या पंगतीत पहिलं पान त्याचं. बाहेर जीप उभी होती, माणसं वाट बघत होती, आणि तो सावकाश जेवत होता. भुईमुगाचे दाणे वेचून खात होता. तो उठेपर्यंत मी उठलो नाही. सरकार आज आहे, उद्या नाही. ओळ कालही होती, उद्याही राहील. ज्याची जागा त्याची. कायद्यानं ओळ मोडू नका.

“भुईमुगाचे दाणेसुद्धा!” मामा गहिवरून म्हणाले. “बघा किती लक्ष!”

ते विधेयक त्या दिवशी पास झालं की पडलं हे मला आजही माहीत नाही. गिरणीत मात्र दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर भुईमुगाच्या शेंगांची पुडी होती. मी सूड म्हणून जेवलो आणि त्याचं राजकारण झालं. मी कितीही वाईट वागलो तरी त्याच्या हाती लागेपर्यंत त्याचं सोनं व्हायचं. असा माणूस ज्याच्या घरात नाही त्याला मत्सराची चव कळलेली नाही.

पुढची निवडणूक जवळ आली तेव्हा तो ही गोष्ट गावोगाव सांगू लागला होता. चावडीवर आता लोक काय मोडलंय ते आधी सांगत नसत; आधी म्हणत, “सामी, ते कारकुनाचं सांगा.” बायका मुलांना जेवताना माझ्या नावानं, म्हणजे माझ्या हुद्द्यानं, शांत बसवत. मग विरोधी उमेदवारानं उठवलं की असा कुणी साडूच नाही. ही बनवाबनवी आहे.

एका सकाळी तो राजाजीनगरला माझ्या दाराशी आला. उन्हात उभा, रुमाल नीट करत. “आपण एकदा गावाकडे यावं,” तो म्हणाला. तो मला नेहमी आपण म्हणे, हाही एक त्रास. “लोकांना आपल्याला बघायचं आहे.”

“मी काय जत्रेतला हत्ती आहे?”

“नाही, नाही. थोरले आहात.”

आतून बायको म्हणाली, “जा हो. मोठी सभा आहे म्हणे.”

सभा! माझ्यातला रंगभूमीवरचा माणूस तिथेच विरघळला. हजार डोळे, मोकळं मैदान, आणि मत्सराचा हिशेब एका भाषणात चुकता करायची संधी. मी ठरवूनच गेलो की स्टेजवर उभं राहून सांगायचं, हा माणूस शहाणा नाही, साधा नाही; माझ्या जेवणावर निवडून येणारा लबाड आहे.

गावात देवळासमोर मांडव होता. त्यानं मला वर नेलं, पुढच्या खुर्चीवर बसवलं, स्वतः मागे उभा राहिला. “हेच ते,” एवढंच म्हणाला. आणि लोक उठून उभे राहिले. म्हाताऱ्या बायकांनी कानशिलांवर बोटं मोडली. एका माणसानं लेकराला वर धरून मला दाखवलं. मी बोलायला उभा राहिलो, तोंडात सगळे बाण तयार, आणि पहिल्याच वाक्याला टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर मी काय करणार? ज्या दिशेनं टाळ्या येतात त्या दिशेनं माझी जीभ आपोआप वळते. मी ती पंगत उभी केली. मी मामा झालो, वाटी झालो, कललो. मी जीपसारखा घुरघुरलो. भुईमुगाचा एकेक दाणा मी हवेतून वेचून खाल्ला आणि प्रत्येक दाण्याला लोक हसून लोळले. मी त्याची अशी स्तुती केली की माझे मलाच डोळे ओले झाले. आणि तो मागे उभा राहून फक्त ऐकत होता, म्हणजे त्याला काहीच न करता हेही मिळत होतं.

मी खाली बसलो तेव्हा एक म्हातारा गौडा, गावचा प्रमुख, काठी टेकत उठला. त्यानं माझ्या साडूकडे बघून कानडीत विचारलं, “सामी, तुम्हीच सांगता, आधी थोरले. मग थोरले बसलेले असताना तुम्ही कसे उभे राहिलात? मत यांना द्यायचं की तुम्हाला?”

कुणी हसलं नाही. हा विनोद नव्हता. ती माणसं खरोखर विचारात पडली होती; मी पाहिलं, बायका एकमेकींकडे बघून माना डोलावत होत्या. साडूनं डोक्यावरचा रुमाल काढला आणि पुन्हा बांधला. इतक्या वर्षांत प्रथम मी त्याला गोंधळलेला पाहिला. ते तोंड बघायला मी पायी चालत आलो असतो.

परतीच्या वाटेवर तो जीपमध्ये माझ्या शेजारी बसला. मग म्हणाला, “त्यांचं बरोबर आहे.”

“कुणाचं?”

“गौडांचं. अर्ज भरायला अजून वेळ आहे. आपण उभे राहा. मी आपल्यामागून गावं फिरीन.”

“थट्टा करताय?”

“मी थट्टा कधी केली आहे?”

नव्हती केली, हे खरंच. घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. “मग?” म्हणाली. “व्हा आमदार. तुम्हाला हवंच होतं की.”

हवंच होतं! त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी कचेरीत बसल्या बसल्या मी अख्खी कारकीर्द जगून घेतली. जीप माझी, जगलीवरची घोंगड्यांची माणसं माझी, भाषणं तर काय, विधानसौधाचे खांब हलले असते. सगळं दिसलं. आणि मग त्यामागे तोही दिसला: माझ्यामागून गावोगाव अनवाणी फिरणारा, जागा सोडणारा, थोरल्यासाठी आमदारकीवर पाणी सोडणारा. आणि लोक काय म्हणतील तेही ऐकू आलं. “आमदार कोण झाला विचारू नका हो, सोडली कुणी ते बघा!” पहिल्या पानाचं झालं तेच आमदारकीचं होणार होतं. मी बसणार आणि वाहवा त्याची. नाही! निदान नाकारायचा मान तरी मला हवा.

तो उत्तर न्यायला आला तेव्हा मी पायरीवर उभा राहिलो, उपरणं खांद्यावर टाकलं आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “नको! आपणच उभे राहा. मी थोरला आहे, मी सांगतो!”

खिडक्या उघडल्या. मला बरं वाटलं.

त्यानं वाकून नमस्कार केला. “सरी,” म्हणाला. “आपली आज्ञा.”

ती आज्ञा आठवड्याच्या आत त्याच्या मतदारसंघातल्या भिंतींवर चुन्यानं लिहिलेली होती. ‘थोरल्यांनी सांगितलं आहे.’ गौडा काठी टेकत गावोगाव फिरून तेच सांगत होता. विरोधी उमेदवार बिचारा नव्या धरणाविषयी बोलत राहिला. माझ्या साडूला आधीच्या दोन्ही वेळांपेक्षा जास्त मतं मिळाली, आणि ती सगळी, मला विचाराल तर, माझी होती.

शपथविधीला मामा, दोन्ही बहिणी आणि मी विधानसौधात वरच्या प्रेक्षकांच्या सज्जात बसलो होतो. एकेक आमदार पुढे येई, शपथ घेई, सही करी, जाई. याची पाळी आली. बंद गळ्याचा कोट, रुमाल. शपथ घेण्याआधी तो थांबला. मान वर केली, अख्ख्या सज्जात मला शोधून काढलं आणि हात जोडून उभा राहिला. परवानगी मागत होता. खालचे सगळे आमदार, मंत्री, फोटोवाले मान वळवून वर बघू लागले. सबंध राज्य माझ्याकडे बघत होतं!

मला काय करायचं ते न शिकवता कळलं. मी उठलो, कठड्याशी गेलो, उपरणं सावरलं आणि उजवा हात, पंगतीतला तोच, भरदार वर केला. एक ओळ बोलायचंही मनात होतं. छाती भरून घेतली.

खांद्यावर हात पडला. पांढऱ्या गणवेशातला पहारेकरी होता. “कूतकोळ्ळी, सार,” तो हळूच म्हणाला. बसा साहेब. “इथे उभं राहायची परवानगी नाही.”

मी बसलो. खाली तो शपथ वाचत होता आणि माझ्या शेजारी मामा डोळे पुसत मेहुणीला सांगत होते, “बघितलंस? केवढा मोठा माणूस! एवढ्या लोकांत यांना विसरला नाही.”